पेजेचा सौदा

सौद्यात मी उठलो की समोरच्याने मला हाताला धरून परत बसवायचं, हा मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटच्या बाजाराचा रिवाज आहे. उठणारा कुठेही चाललेला नाही हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं. तो चपला शोधतो, एक पाय चपलेत घालतो, दुसरा घालायला उगाच वेळ लावतो. तेवढ्यात मागून हाक येते, "अरे बैठो सेठ, नाराज काहे को होते हो!" मग चहा येतो आणि खरा भाव त्यानंतर निघतो. सायकलवर ॲल्युमिनियमची भांडी लादून मी बैहर, बिरसा, उकव्याचे आठवडी बाजार करत होतो, तेव्हा हे उठणं शिकलो. त्याच्याच जोरावर पुढे शहरात भांड्यांचं दुकान उभं केलं. कुणाच्या बापाची मदत घेतली नाही.

नागपूरच्या त्या काचेच्या ऑफिसात मी उठलो तेव्हा मात्र कुणी हाक मारली नाही.

कंपनी जपानची होती. विजेवर भात शिजवणारे कुकर घेऊन ती आमच्या मुलखात उतरत होती. आमचा जिल्हा तिन्ही त्रिकाळ भात खाणारा, म्हणून तिने तो निवडला होता. जिल्ह्याची एजन्सी मला हवी होती, आणि नुसती हवी होती असं नाही, तिच्यावाचून माझं भागणार नव्हतं. मोबाइलवर बोट ठेवलं की भांडी घरपोच मिळू लागल्यापासून माझं गिऱ्हाईक विरळ होत चाललं होतं. नवा काही माल हाती आला नाही तर दुकानाचं शटर एक दिवस खाली ओढावं लागेल हे मला दिसत होतं. घरात कुणाशी बोललो नव्हतो, पण बायकोला कळलं होतं.

टेबलापलीकडे दोघं होती. एक जपानी मॅडम, आखूड पांढरे केस, कंपनीची मोठी अधिकारी. दुसरा कंपनीचा आपल्याकडचा मॅनेजर, टाय लावलेला. तो तिचं बोलणं मला हिंदीत सांगायचा आणि माझं तिला. मी म्हटलं, माल माझ्या पद्धतीने विकीन. उकव्याची बाई भांडं बोटाने वाजवून बघते, घरी नेते, सासूला दाखवते, त्यात एकदा रांधते आणि मगच घेते. कुकरही तसाच घरी न्यायला द्यायचा.

टायवाला म्हणाला, "डिब्बा सीलबंद रहेगा. एक दाम, वापसी नहीं."

माझा आवाज चढला. त्याचाही चढला. मॅडम खाली बघत वहीत काही लिहीत होती. मग मी उठलो. टायवाला हसून म्हणाला, "अंकलजी, ये हाट-बाजार नहीं है."

मी दाराशी पोचलो तशी मॅडमही उठली. वाटलं, आता बोलावते. ती माझ्याबरोबर लिफ्टपर्यंत आली, कमरेत वाकली आणि लिफ्टचं दार बंद होईपर्यंत तशीच वाकून राहिली. जाणाऱ्या पाहुण्याला तिने मानाने निरोप दिला होता. मी लिफ्टमध्ये एकटा, दाराच्या पत्र्यात स्वतःचं लाल झालेलं तोंड बघत खाली आलो.

घरी बायकोने विचारलं, "काय झालं?"

"उठलो."

"मग?"

"मग काय! जाऊ देलं त्यांनी मले."

ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. "बाप्पा! तिले काय माहीत तुमचं नाटक? ती म्हणली असंन, माणसाले घाई हाय."

"नाटक नोय ते. धंदा हाय," मी ओरडलो. पण जेवण गेलं नाही. पैसा बुडाला तर मी विसरतो, शब्द विसरत नाही. हाट-बाजार! त्या हाट-बाजारातूनच मी वर आलो होतो.

एजन्सी गेली माझ्या दुकानाच्या अगदी समोर, फ्रिज-टीव्हीच्या शोरूमला. लग्नसराईच्या तोंडावर त्यांनी मंडप टाकला, फुगे लावले, माइक आणला. टायवाला स्वतः आला होता. कुकरात आमचा चिन्नोर तांदूळ शिजत होता. झाकण उघडलं तेव्हा असा वास सुटला की मीसुद्धा गादीवरून मान लांब केली. पण चमचा घातला तर भाताचा एकच गोळा वर आला. जपानात भात काड्यांनी उचलायचा असतो, तो चिकटलाच पाहिजे. आमच्याकडे शितं मोकळी हवीत, वरण खालपर्यंत उतरलं पाहिजे. म्हणून आम्ही भरपूर पाण्यात तांदूळ शिजवतो आणि वरचं पाणी पसवून, म्हणजे निथळून, काढतो. त्या पाण्याला पेज म्हणतात. मीठ घालून सकाळी लेकरं पितात, बाळंतिणीला देतात, उरली तर गाईला.

मंडपात उकव्याची एक म्हातारी होती, सायकलच्या दिवसांपासूनची माझी गिऱ्हाईक. तिने द्रोणातल्या भातात बोट खुपसलं आणि टायवाल्याला विचारलं, "काहो साहेब, याच्यातली पेज कुठी गेली?"

"क्या, अम्मा?"

"पेज! भाताचं पानी!"

"अच्छा, पानी! पानी निकालना ही नहीं पड़ता, अम्मा. सब अंदर सूख जाता है. यही तो फायदा है."

म्हातारीने कुकरकडे असं पाहिलं, जणू कुणी तिच्या घरातून हंडाच उचलून नेला आहे. "सूख जाता है? मंग सकाळी लेकरं काय पितीन? तुहा टाय?"

मंडप हसला. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो, रस्त्याच्या अलीकडून.

लग्नाच्या आहेरात कुकर बरेच खपले आणि लग्नं आटोपल्यावर परत येऊ लागले. वापसी नाही म्हटल्यावर समोर रोज भांडण. मी गादीवर बसून ते ऐकायचो आणि माझा चहा गोड लागायचा. दुकान मात्र तसंच सुनं होतं.

एके दिवशी घरी आलो तर ओट्यावर तोच कुकर. बायकोने समोरून विकत आणला होता.

"दुश्मनाच्या दुकानातून?" माझ्या हातातली पिशवी मी जमिनीवर आपटली.

"आपटा, आपटा. टमाटे तुमालेच खा लागन." ती शांतपणे तांदूळ धूत होती. "गॅसपाशी उभं राहून भात उतू जाते का पाहत राहणं काय असते, तुमाले माहीत नाही. हे आपल्या मनानं बंद होते. चांगलं हाय. खोट एकच हाय, पेज निंगत नाही."

मी टमाटे वेचत होतो. वेचता वेचता थांबलो. खोट एकच. आणि खोट भांड्यातली होती, विजेतली नव्हती. भांडं तर मला कळतं.

दुसऱ्या दिवशी मी कुकरचं आतलं भांडं उचलून स्टीलचं काम करणाऱ्या माझ्या कारागिराकडे गेलो. त्यात बसेल अशी जाळीची टोपली करायला सांगितली, वर दोन कड्या आणि खाली उभं राहायला पाय. तांदूळ टोपलीत टाकायचा, पाणी भरपूर घालायचं, भात झाला की टोपली कड्यांनी वर उचलायची. पेज खाली राहते, भात वर मोकळा. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या टोपलीच्या भोकांतून चिन्नोरचे दाणे खाली गळाले. दुसऱ्या वेळी फेस झाकणातून उतू गेला, ओटा, शेगडी, भिंत सगळं पेजेने माखलं आणि बायकोने मला स्वयंपाकघरातून हाकललं. मग भोकं बारीक केली, टोपली बुटकी केली, पाण्याची खूण आतून कोरून घेतली. त्या दिवशी भात निघाला तो चुलीवरच्यासारखा. बायकोने पेज वाटीत ओतली, प्यायली आणि म्हणाली, "आता विका."

टोपल्या मी दुकानाच्या दारावर टांगल्या. समोर कुकर घेऊन भांडणाऱ्यांना मीच हाक मारू लागलो, "इकडे या, घरी घेऊन जा, एकदा शिजवून पाहा. आवडलं तर ठेवा." उकव्याच्या म्हातारीने नातसुनेच्या आहेरातल्या कुकरासाठी एक नेली आणि परत आली तेव्हा बरोबर आणखी बाया होत्या. समोरचं भांडण थांबलं. कुकरही पुन्हा खपू लागले. माझ्या दुकानात उभं राहायला जागा राहीना.

तेव्हा नागपूरहून गाडी आली. टायवाला उतरला आणि दारातल्या टोपलीकडे बोट दाखवून म्हणाला, "हमारे कुकर में बाहर का बर्तन डालोगे तो गारंटी खत्म. ये बंद कीजिए अंकलजी, नहीं तो वकील का नोटिस आएगा."

माझं डोकं फिरलं. "भेजो! आज ही भेजो! मैं भी गाँव-गाँव जाके बोलूँगा, ये कंपनी बच्चों को पेज नहीं पीने देती!" रस्त्यावर माणसं जमा झाली. तेवढ्यात दिसलं की गाडीतून जपानी मॅडमही उतरली आहे आणि दारातली टोपली उलटीपालटी करून बघते आहे. तिने टायवाल्याला काही विचारलं. तो थोडक्यात बोलला. तिने पुन्हा विचारलं.

"पूरा बता रहे हो ना, साहब?" मी म्हटलं. "राहू द्या. घरी चला. जेवूनच बोलू."

घर दुकानाच्या वरच आहे. मॅडमने न सांगता उंबऱ्याशी बूट काढले आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. टायवाला तसाच आत निघाला. "बूट भायेर, साहेब," बायकोने त्याला थांबवलं. मग तिने कुकरात भात टाकला, टोपली उचलून दाखवली आणि स्टीलच्या पेल्यात पेज घालून, मीठ टाकून मॅडमच्या हातात दिली.

मॅडमने वास घेतला. एक घोट प्यायली. मग हलक्या आवाजात काही बोलली. टायवाल्याने सांगितलं, "कह रही हैं, इनके यहाँ भी होता है. बीमार को देते हैं, छोटे बच्चे को. इनकी दादी पिलाती थीं."

"मग आमच्या लेकरायचं काहून बंद केलं?" बायको म्हणाली. टायवाला घड्याळ बघू लागला. "हौ, हे बी सांगा न तिले!"

त्याने सांगितलं. मॅडमने तोंडावर हात धरला आणि खळखळून हसली. पेला पुन्हा पुढे केला.

जेवणानंतर मी अटी मांडल्या. पूर्ण जिल्ह्याची एजन्सी माझी, समोरच्या शोरूमलाही माल माझ्याकडूनच जाईल. प्रत्येक डब्यात टोपली, आणि ती बालाघाटलाच बनेल. गारंटी कायम. गिऱ्हाइकाला एकदा घरी शिजवून बघायची मुभा. यातलं अर्धं ते घासाघिशीत तोडतील हे धरूनच मी मागत होतो, सगळेच तसं मागतात. तोडायला काहीतरी सोपं हवं म्हणून शेवटी एक अट उगाच घातली, हे साहेब उकव्याच्या बाजारात दिवसभर बसून स्वतः कुकर विकतील. टायवाल्याचा चेहरा उतरला, पण मॅडम बघत होती म्हणून त्याला तेही सांगावं लागलं.

मॅडमने सगळं लिहून घेतलं. एकही अट तोडली नाही, कबूलही केली नाही. वाकली आणि गेली.

माझ्या आयुष्यात सौदा कधी दुसऱ्या दिवसावर गेलेला नाही. टायवाला जाताना म्हणाला होता, तिकडे सगळ्यांची संमती लागते, वेळ लागेल. मला तो नकारच वाटला. दिवस जात राहिले आणि मी कपाटाच्या दारांवर राग काढत राहिलो. फोन करून चार शब्द सुनवायला उचलला तर बायकोने हातातून काढून घेतला. "त्या बाईनं पेज दोनदा मांगून पेली. येईन ती."

उत्तर आलं. सगळ्या अटी मंजूर. एकही कमी-जास्त नाही, जशा मी मागितल्या तशाच. मी गादीवर टिचकी वाजवत बसलो आणि आनंदाच्या आधी मनात पहिला विचार आला तो हा, की अरे, आणखी मागायला हवं होतं.

शेवटची अटही मंजूर होती.

उकव्याला त्या बाजाराच्या दिवशी मँगनीजच्या खाणीवरची माणसं, जंगलातली गावं, सगळे लोटले होते. टायवाल्याने टाय काढून खिशात घातला होता. मी पालाखाली खुर्ची टाकून नुसता बघत बसलो. म्हातारी या वेळी लेकीसाठी कुकर घ्यायला आली होती; तिने तो बोटाने वाजवला, टोपली उलटी केली, झाकण डोक्यावर धरून बघितलं.

"साहेब, भाव सांगा."

"एक दाम है, अम्मा."

"मंग बसा एकटेच." ती निघाली.

त्याने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघत होतो. तो उठून तिच्यामागे धावला, "अरे अम्मा, बैठो तो! घर ले जाओ, बनाके देखो, फिर बात करेंगे!" दुपारपर्यंत त्याचा घसा बसला होता आणि गाडी रिकामी झाली होती. संध्याकाळी तो माझ्याशेजारी येऊन बसला, म्हणाला, "सेठजी, चाय पिलाओ." अंकलजी म्हणाला नाही. मी चहा मागवला, भजीही मागवली.

आता या कुकरचे डबे रायपूर, जबलपूरपर्यंत जातात आणि टोपल्या माझ्याच कारागिराकडून. शटर वर आहे. फक्त डब्यावर छापलं आहे की ही टोपली कंपनीच्या इंजिनिअरांनी तयार केली. ते वाचलं की अजूनही माझं रक्त उसळतं, आणि मी ते रोज वाचतो. येत्या महिन्यात मॅडम नवा करार करायला येणार आहे. बायको म्हणते, जे मिळालं त्यात राजी राहा. मी डब्यावर कोणाचं नाव हवं ते ठरवून ठेवलं आहे, बायकोचं, मोठ्या अक्षरात, आणि या वेळी तोडायला म्हणून एकही अट ठेवणार नाही.