भातगिरणीतला चॅम्पियन

तळघरातल्या मारामारीचे स्वस्तातले सिनेमे मी वर्षानुवर्षं बघत आलो आणि तितकीच वर्षं त्यांना नावं ठेवत आलो. रोह्याला कंपनीच्या बसमधून जाता-येता मोबाईलवर दुसरं काय बघणार? सगळ्यांची गोष्ट एकच. एक पिंजरा, वर लोंबकळणारा दिवा, भोवती नोटा नाचवणारी माणसं, आणि मारामारी कायमची सोडलेला हिरो. मग त्याच्या भावाला कोणीतरी मारतं आणि हिरो परत पिंजऱ्यात उतरतो. शेवटी एक आडदांड गडी समोर येतो, ज्याला म्हणे आजवर कोणी हरवलेलं नाही. तो गडी बघता बघता आडवा होतो. इथे मी दर वेळी चिडायचो. अरे, कधीच न हरलेला माणूस असा पडतो का? पाय कुठे, तोल कुठे, काही बघाल की नाही? शेजारच्या सीटवरचा मित्र म्हणायचा, "मग बघतोस कशाला?" आणि मी दुसऱ्या दिवशी पुढचा सिनेमा लावायचो.

मला एवढा राग यायचा, कारण मी स्वतः कबड्डी खेळलेला. कासूजवळचं आमचं गाव भातशेतीचं आणि कबड्डीचं. गुडघ्याने दगा दिला आणि माझं खेळणं संपलं. मग पहिली शिफ्ट करून आलो की संध्याकाळी गावातल्या मुलींना शिकवायला लागलो. मुलग्यांना शिकवणारे ढीगभर होते, मुलींना कोणी विचारत नव्हतं. एकेका आईच्या पडवीत जाऊन बसलो, तेव्हा कुठे टीम उभी राहिली. पोरगी हाफ पँट घालून मैदानात उतरणार आणि एक पुरुष माणूस तिला पकड कशी करायची ते शिकवणार, हे आयांच्या गळी उतरवणं सोपं नव्हतं. सगळ्यात शेवटी तयार झाली ती आताच्या आमच्या कॅप्टनची आई. ती लावणी-कापणीला मजुरीवर जाते आणि बोलते अगदी मोजकं. "तुमच्या शब्दावर पाठवते," एवढंच म्हणाली होती. आयांचा विश्वास उडाला, तर दुसऱ्या दिवशी मैदानात एकही मुलगी दिसणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

असा मी शहाणा माणूस, गडबच्या कबड्डी स्पर्धेत एका सिनेमावाल्याच्या हाती लागलो. संध्याकाळ झाली तरी त्याचा गॉगल उतरला नव्हता. माझ्याभोवती एक चक्कर मारून तो म्हणाला, "दादा, बॉडी एकदम ओरिजनल आहे तुमची. आम्हाला अंडरग्राउंड फाईटचा चॅम्पियन पाहिजे." मी तिथल्या तिथे हरभऱ्याच्या झाडावर चढलो. गोष्ट विचारली, तर तीच. पिंजरा, दिवा, भाऊ. चॅम्पियन म्हणजे तोच शेवटी आडवा होणारा गडी. तरी मी हो म्हणालो. निदान मी पडेन तो तरी नीट पडेन, असं मला वाटलं. आणि गुडघा गेल्यापासून माझ्या बॉडीला कोणी ओरिजनल म्हटलं नव्हतं, हेही आहेच.

शूटिंग रोह्याजवळच्या एका बंद भातगिरणीत होतं. आमच्या भागात तळघर मिळणार कुठून? जरा खणलं की पाणी लागतं. म्हणून गिरणीच्या खिडक्यांवर काळी ताडपत्री मारली आणि झालं तळघर तयार. पिंजरा पोल्ट्रीच्या जाळीचा होता, तिच्यात कोंबड्यांची पिसं अजून अडकलेली होती. खाली भाताचा तूस पसरला होता. कोणी पडलं की तूस उडायचा आणि पैजा लावणारे सगळे शिंकायला लागायचे. ही माणसं रोह्याच्या नाक्यावरून दिवसभरासाठी आणलेली. त्यांतला एक मला हळूच म्हणाला, "काय ओ, ह्या कामाला जेवान पन हाय ना?"

हिंदी डायलॉग काही माझ्या तोंडात बसेनात. डायरेक्टर वैतागून म्हणाला, "काहीही बोला, फक्त ओठ हलवा. आवाज नंतर टाकू." आता समोरच्याच्या अंगावर जायचं म्हटलं की माझ्या तोंडातून दुसरं काय निघणार? दम धरला आणि कबड्डी-कबड्डी-कबड्डी म्हणत हिरोवर गेलो. एका बाईकडे रागाने बघत तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचं होतं. ती बिचारी पाण्याचा ग्लास घेऊन उभी, आणि मी तिच्याकडे डोळे वटारून कबड्डी-कबड्डी म्हणतोय. कोणी हसलं नाही. मला वाटलं, आपल्याला जमतंय.

मग आला लाथेचा सीन. हिरोचा मित्र तुसात पडलाय आणि चॅम्पियन त्याला लाथा घालतो. त्याच्या पोटाला उशी बांधलेली होती, लागण्याचा प्रश्न नव्हता. तरी माझा पाय उचलेना. डायरेक्टर ओरडला, "दादा, तुम्ही चॅम्पियन आहात की बालवाडीचे मास्तर?" सगळी गिरणी हसली. मी लाथ घातली. "अजून!" अजून घातली. टाळ्या पडल्या, शिट्ट्या झाल्या, शिंकाही झाल्या. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. घरी येताना नागोठण्यापर्यंत मी मोटरसायकलवर शीळ घालत होतो.

सिनेमा थिएटरला लागलाच नाही, थेट मोबाईलवर आला. मी तोवर गावभर शेखी मिरवून बसलो होतो. सगळ्यांनी मिळूनच बघायचा, असा माझाच हट्ट. शाळेतला प्रोजेक्टर मागून आणला, देवळाच्या सभामंडपात पांढरी चादर बांधली, दिवेलागणीला सगळ्यांना बोलावलं. बायको म्हणाली, "अवो, आधी एकदा बघून तरी घ्या." मी तिला म्हणालो, "सरप्राईज जातं मग." पुढे माझ्या टीमच्या मुली बसल्या, त्यांच्यामागे त्यांच्या आया आणि भिंतीला टेकून पुरुष.

बराच वेळ हिरो नुसता रडत होता. मग मी आलो. शिट्ट्या झाल्या, माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. आणि चादरीवरच्या माझं तोंड उघडलं. आतून कोणाचा तरी घोगरा आवाज आला आणि आईवरून शिवी आली. मग दुसरी, पहिलीपेक्षा घाण. मग ती पाणी आणणारी बाई आली, आणि तिच्याकडे बघत मी जे काही बोललो, ते मला इथे लिहिता येणार नाही. समोर देव, मध्ये मुली, त्यांच्यामागे आया. प्रोजेक्टर बंद करायला धावलो, तर मला बटण सापडेना. अंधार असल्याने माझं तोंड कोणाला दिसत नव्हतं, पण चादरीवर ते केवढं तरी मोठं दिसत होतं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्या वेळी मला खरोखर वाटलं.

तेवढ्यात आमची कॅप्टन उभी राहिली. "मागं घ्या! पुन्ना लावा ता!" ती ओरडली. "सरांचा आवाज नाय हा. ओठ बघा ना, सर कबड्डी-कबड्डी बोलतायत." कोणीतरी सीन मागे घेतला, आवाज बंद केला. माझे ओठ हलायला लागले आणि मुलींची अख्खी रांग त्यांच्याबरोबर म्हणायला लागली, कबड्डी-कबड्डी-कबड्डी. तंतोतंत बसलं. बाईला पाण्याच्या ग्लासासकट मी कबड्डी-कबड्डी केलं, तेव्हा सभामंडपात हशा फुटला. म्हातारी माणसं डोळे पुसत हसत होती. आयाही पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसलो. वाटलं, सुटलो.

त्या हसण्याच्या भरात सिनेमा पुढे चालूच राहिला आणि लाथ आली. तिथे कोणी दुसऱ्याचा पाय टाकला नव्हता. पहिली लाथ घातली तेव्हा पडद्यावरचा मी कचरत होतो. दुसऱ्या लाथेला कॅमेरा माझ्या तोंडावर आला, आणि ते तोंड हसत होतं. मला कोणी हसायला सांगितलं नव्हतं. मी हसलो होतो, हेच मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. लोक अजून आधीच्याच गमतीत होते, त्यामुळे कोणी फारसं बघितलं नसेल, अशी मी मनाची समजूत घातली. थोड्या वेळाने मी हिरोच्या एका ठोशात आडवा झालो, अगदी तसाच, ज्याला मी बसमध्ये बसून नावं ठेवायचो.

दुसऱ्या दिवशी मैदानात बाकीच्या आल्या, कॅप्टन आली नाही. मुली आपसांत कुजबुजत होत्या. ती गेली की एकेक करत सगळ्या जातील, हे दिसतच होतं. मी मुलींना पळायला लावून लगेच तिच्या घरी गेलो. आई पडवीत भिजवलेले वाल सोलत बसली होती. तिने मला बसा म्हटलं, पाणी दिलं, आणि परत वाल सोलायला लागली.

"ताई, तो आवाज माझा नव्हता," मी म्हणालो.

"ता पोरीनं दाखवलं की. पटलं मला." तिने एक वाल ताटात टाकला. "पन लाथ तर तुमचीच व्हती ना, सर?"

"अहो, नाटक होतं ते. डायरेक्टरने सांगितलं म्हणून केलं."

"व्हय. सांगितलं म्हनून घातलीत. आनि हसलात पन."

एवढ्या गोंधळात हिने ते बघितलं होतं.

"उद्या माझ्या पोरीला पन कोन काय सांगंल, चार लोक टाळ्या वाजवतील," ती म्हणाली. "ती तुमच्याकडनंच शिकतेय सगळं."

"आये, सोड ना आता," आतून मुलीचा आवाज आला.

"तू गप बस गो." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पोरगी येईल. खेळ तिचा हाय, तुमचा नाय. पन आजपासून मी बी येनार, तिकडं बसनार."

मी मान खाली घालून "बरं" म्हणालो.

ती खरंच माझ्यामागोमाग आली. मैदानाच्या कडेला बांधावर ताट घेऊन बसली आणि वाल सोलायला लागली. मग आणखी दोघी तिच्याजवळ येऊन टेकल्या. मुली नेहमीसारख्या खेळत होत्या, उलट आया आल्यात म्हणून जरा जास्तच जोरात. कॅप्टन चढाईला गेली, परत येताना तिचा पाय घसरला आणि ती माझ्या पुढ्यातच आपटली. अशा वेळी काय करायचं, हे मला कधी ठरवावं लागलं नव्हतं. इतकी वर्षं माझा हात आपोआप पुढे जायचा. त्या दिवशी मी आधी बांधाकडे बघितलं. तिच्या आईने ताटावरून मान वर केली होती. ती बघतेय याची खात्री झाली, आणि मग मी वाकून हात पुढे केला. मुलगी तो धरून उठली, कोपर झाडलं आणि परत खेळायला पळाली. तिला कुठे लागलं का, हे विचारायचं मी विसरून गेलो.