जास्वंदीला वास नसतो

गाडीत बसलं की बाबा आधी हवा हुंगायचे. एसीच्या बटणाकडे माझा हात गेला रे गेला की खिशातला रुमाल काढून तोंडावर धरायचे. "वास मारता गो," म्हणायचे. एवढंच. पुढे सबंध रस्ताभर ते रुमालाआड, आणि मी काहीतरी गुन्हा केल्यासारखी मुकाट गाडी हाकतेय.

बाबांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी कुडाळला न्यायचं आणि परत आणायचं, हे काम माझ्या वाट्याला आलं होतं. भाऊ मुंबईत. आईला गाडी लागते, ती मालवणच्या बाजारालाही जीव मुठीत धरून जाते. मी शाळेत शिकवते. त्या दोन दिवशी सकाळची शाळा उरकायची, दोन घास पोटात ढकलायचे, बाबांना न्यायचं, मशीन चालू असेपर्यंत बाहेरच्या बाकावर पाठ अवघडून बसायचं आणि तिन्हीसांजेला घरी यायचं. उरलेल्या दिवशी त्या दोन दिवसांची राहिलेली कामं. अशी दोन वर्षं गेली होती.

दुसऱ्या वर्षातल्या एका संध्याकाळी परत येताना धामापूरच्या तळ्याजवळच्या वळणावर माझा डोळा लागला. क्षणभरच. चाकं डांबरावरून खाली तांबड्या मातीत उतरली, खडखड झालं आणि मी दचकून जागी झाले. बाबा शेजारच्या सीटवर मान टाकून झोपलेले होते. मी हे घरी सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? दुसरं कोण नेणार होतं?

वास सुरू झाला तो पावसाळा संपता संपता. ओलं पोतं कोपऱ्यात विसरून जावं तसा कुबट, आणि त्यात काहीतरी कुजकं, गोडसर. काचा उघड्या टाकून का जात नाही, असं मला ज्याने त्याने विचारलं. ऑक्टोबरची दुपार, रस्त्याचं काम चाललेलं, लाल धुरळा आणि बाबांचा खोकला, हे विचारणाऱ्याच्या गावी नसायचं. मशीनवरून उठले की ते घामाने निथळत असत, उकाड्यात त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी येई. आतलीच हवा फिरवायचं बटण दाबलं की वास जरा दबायचा, पण मग त्यांना कोंडल्यासारखं व्हायचं. तेव्हा हवा बाहेरूनच घ्यायची आणि तिच्याबरोबर वासही.

इलाज सांगायला लोक तयारच होते. भावाने फोनवरच निदान केलं, "त्याच गाडीतून मासे आणत असाल." आमच्याकडे मासे दारात येतात हे तो मुंबईत राहून विसरला. शेजारच्या काकींनी कापराच्या वड्या दिल्या. दुकानातून मी मोगऱ्याच्या वासाची डबी आणली, तर मोगराच सडल्यासारखा वास यायला लागला. गॅरेजवाल्याने फिल्टर बदलला, नळी घालून आत फेस मारला आणि "आता बघा" म्हणाला. दोन खेपा बऱ्या गेल्या, मग पुन्हा तेच. "मगे गॅस बघूक होयो," तो म्हणाला. मी म्हटलं, गॅसला असा वास नसतो. "ता पण खरा," म्हणाला आणि दुसऱ्या गाडीखाली शिरला.

निघताना आई दारापुढच्या खळ्यात यायची, हातात जास्वंदीचं फूल घेऊन. ते पुढच्या काचेच्या बुडाशी, वायपरच्या मागे, माझ्या स्टिअरिंगच्या समोर ठेवायची आणि तोंडातल्या तोंडात गाऱ्हाणं घालायची. गाऱ्हाणं म्हटलं की एकाने देवाला सांगायचं आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. आई एकटीच. सांगणारी तीच आणि मान डोलावणारीही तीच. पहिल्या वर्षी हे नव्हतं, मध्येच कधीतरी सुरू झालं. दुखणं लांबलं तशी आईची देवभक्ती वाढली, असं मी धरून चालले. माझ्या बाजूची काच वर करून मी तिचं पुटपुटणं संपायची वाट बघत बसायचे. गाडी हलली की फूल घरंगळून कुठे जातं, हे मी कधी पाहिलं नाही.

मग एकदा जाताना नेरूरच्या पुढे बाबांना ओकारी झाली. उपचाराने आधीच त्यांना मळमळ असायची, त्यात हा वास. घरी आल्यावर ते शांतपणे म्हणाले, "ह्या गाडीतसून मी परत येवचंय नाय." मला वाटलं, बोलतात. पुढच्या खेपेला मी शाळेतून आले तर ते भिंतीकडे तोंड करून पडलेले. आईने सांगून पाहिलं, मी ओरडून पाहिलं. भाड्याची गाडी आणते म्हटलं तर म्हणाले, "आता खयच्याच गाडयेत नको." शेवटी मी पण हात टेकले. त्या दुपारी मी अंथरुणावर पडले ती थेट दिवेलागणीला उठले. लाज वाटावी इतकी गाढ झोप लागली होती.

खेप चुकली की पाणी अंगात साठतं. दोन दिवसांत त्यांची पावलं सुजली, चेहरा भरून आला, आडवं पडलं की धाप लागायला लागली. डॉक्टर फोनवर म्हणाले, आता आणखी एक चुकवू नका, छातीत पाणी झालं तर आमच्याही हातात काही राहणार नाही. मला भीती वाटली आणि त्याहून जास्त संताप आला. एवढं सगळं करून माणूस जाणार तर गाडीतल्या वासापायी जाणार.

पुढची खेप दुपारी होती. सकाळी शाळेला रजा टाकून मी गाडी धुवायला काढली, निदान बाहेरून तरी. काचेच्या बुडाशी जी काळी जाळी असते तिच्या फटीत एक देठ अडकलेला दिसला. झाडूची हीर घालून ओढला तर देठामागोमाग काळा, बुळबुळीत लगदा वर आला आणि त्याच्याबरोबर तो वास. मी तशीच गाडी घेऊन गॅरेजवर गेले. त्याने वायपर काढले, जाळी उचलली. खाली पन्हळीसारख्या खोलगट जागेत जास्वंदी होत्या. थरावर थर, तळाला नुसता चिखल, वरची फुलं अजून फुलं म्हणून ओळखू येणारी. पाणी जायचं भोक त्यांनी बुजलं होतं, पावसाळ्याचं पाणी तिथेच मुरलं होतं आणि एसीची हवा बरोबर तिथूनच आत जात होती. त्याने दोन्ही हातांनी ते उपसलं, वरून पाण्याचा फवारा मारला. मी बाजूला उभी राहून बघत होते.

घरी आले ती आईवरच उसळले. "तुझ्या फुलांनी गाडी कुसली. ह्याच वासापायी बाबा त्या दिवशी कुडाळाक गेले नाय."

आई तांदूळ निवडत होती. "जास्वंदीक खंय वास असता?" ती म्हणाली.

"कुसली काय येता. परत काचेर फूल ठेवू नको."

ती उठली. सूप घेऊन आत गेली.

दुपारी बाबांना अक्षरशः धरून गाडीत बसवलं. वास नाही हे पटवायला मी आधीच एसी लावून ठेवला होता. त्यांनी एकदा हुंगलं, पुन्हा हुंगलं आणि रुमाल खिशातच ठेवला. आई दारातूनच बघत होती. तिचे हात रिकामे होते.

धामापूरच्या वळणावर ते म्हणाले, "आवशीक बोलाक नको होता."

"मगे काय करू? तुमच्यासाठीच सगळा चल्ला हा."

"ता फूल माझ्यासाठी नाय ठेवी ती."

मला वाटलं, अंगात विष चढलंय, भ्रमिष्टासारखं बोलतायत.

"हय तुझो डोळो लागलेलो," त्यांनी बाहेर बोट दाखवलं. "मी जागो होतंय. घराक जावन तिका सांगलंय. दुसऱ्या खेपेक तिना फूल ठेवल्यान. तू काच वर करतंस, माझी उघडी असता, माका सगळा आयकाक येता. हिचे हात थिर ठेव, हिचो डोळो लागाक देव नको. दर खेपेक ह्याच. माझा नावसुद्धा घेणा नाय."

शेवटचं वाक्य ते थोडं तक्रारीच्या सुरात म्हणाले.

मी ते वळण काढलं. मग विचारलं, "त्या दिवशी तुमी येवक नाय, ता वासामुळेच मां?"

"वास होतोच," ते म्हणाले. "पण तू निजलंस ता बघून बरा वाटला."

मला रडू आलं नाही. रडायलाही अंगात त्राण लागतं. इतके दिवस मी लपवत होते ते दोघांनाही ठाऊक होतं, याचा राग आला आणि त्या रागाखाली खूप बरं वाटलं. त्या संध्याकाळी त्यांची सूज उतरली. परत येताना ते खरोखरच झोपले, मी दोनदा वळून पाहिलं.

पुढच्या खेपेला आई पुन्हा दारातच उभी. मी गाडी चालू केली, मग बंद केली.

"फूल खंय?" मी विचारलं.

"काचेर नको म्हटलंस मां."

"काचेर नको. माका दी."

ती दारातून खाली उतरली. मग कुंपणाजवळ गेली आणि फूल घेऊन आली. मी ते केसांत खोवलं. कॉलेज सुटल्यापासून मी केसांत फूल घातलं नव्हतं. तिने खिडकीच्या कडेवर हात ठेवला आणि पुटपुटायला लागली. मी काच वर केली नाही. "बा देवा म्हाराजा," ती माझ्या कानाशी म्हणत होती, "माझा चेडू दमला हा, हिका सांभाळ."

शेजारच्या सीटवरून बाबा डोळे मिटूनच म्हणाले, "व्हय म्हाराजा."