भिंतीतली वाट

मी मुलुंडच्या टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी एका सोसायटीत राहते आणि दुसरं कुणी तयार होत नाही म्हणून तिची सेक्रेटरी आहे. पाणी का आलं नाही, लिफ्ट का अडकली, कबुतरं कुणी माजवून ठेवली, सगळ्याचा जाब मलाच. त्यात यंदा उन्हाळ्यात बिबट्याची भर पडली.

आमच्या इमारतीमागची जमीन एका बाजूने जंगलाला भिडते, दुसऱ्या बाजूला आमची भिंत. भिंतीपलीकडे अरुंद गल्ली, गल्लीपलीकडे दुसऱ्या सोसायटीची भिंत, आणि त्यांच्या मागे जुन्या दगडखाणीचं तळं. उन्हाळ्यात जनावरं डोंगरावरून तिथे पाण्याला जातात. गल्ली ओलांडली की महानगरपालिका बदलते. भिंत बांधताना जनावरांसाठी वाट सोडा, अशी अट दोन्ही पालिकांनी घातली होती आणि दोन्ही सोसायट्यांनी ती पाळलीही. आम्ही वाट सोडली उंबराजवळ. त्यांनी सोडली पार खालच्या अंगाला, पंपाच्या खोलीशेजारी. समोरच्या भिंतीत वाट कुठे आहे हे बघणं कुणाचंच काम नव्हतं.

मग एका पहाटेचं सीसीटीव्ही आम्ही सगळ्यांनी पाहिलं. बिबट्याची मादी आणि तिचं पिल्लू आमच्या वाटेने गल्लीत उतरलं आणि समोरच्या भिंतीपाशी अडकलं. ती इकडे धावे, तिकडे धावे, पिल्लू मागे राही. शेवटी दोघं आल्या वाटेने परत गेली. त्याच गल्लीतून तासाभराने पोरं शाळेला जातात.

मीटिंगला एरवी न फिरकणारेही हजर. "पिंजरा लावा," तळमजल्यावरचे काका म्हणाले. "उद्या काही झालं तर तुमची जबाबदारी, मॅडम!" मला त्यांचा राग आला, पण खरं सांगायचं तर मीही घाबरले होते. वनखात्याच्या माणसाने समजावलं, "ती पुन्हा इथे अडकली तर पिंजऱ्याशिवाय इलाज नाही. तिला पकडलं आणि पिल्लू बाहेर राहिलं, तर ते जगायचं नाही. त्याआधी वाटा समोरासमोर आणा."

मी पलीकडच्या सेक्रेटरींना फोन केला. "आमची वाट नियमाने आहे, तुम्ही सरका," ते म्हणाले. मी म्हटलं, "आमची काय बेकायदा आहे?" दोघांनीही फोन आपटले.

आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. ती मूळची मालवणकडची, मुंबईत जन्म गेला तरी बोली सुटली नाही. मी मरोळला कामाला जायला निघाले की अजूनही दारातून ओरडते, "पोचलंस काय कळव गो!" नाही कळवलं तर फोनवर फोन. ती म्हणाली, "तुमी भांडत रवा. ती बिचारी पोराक घेवन खंय जातली?"

दुसऱ्या दिवशी मी अर्ज केला की आमची वाट हलवून त्यांच्यासमोर नेतो. सुदैवाने जंगलालगतच्या बांधकामांसाठी दोन्ही पालिका आणि वनखात्याने नुकतीच एकत्र सोय केली होती. अर्ज एक, नकाशा एक, तिघांनाही तोच दिसणार. माझा काही विश्वास नव्हता. तीन कचेऱ्या एका जागी आल्या की आपल्याला तिप्पट फिरवणार, एवढंच मला ठाऊक.

चार दिवसांत तिथे अर्ज बघणाऱ्या मुलीचा फोन. ती हसू आवरत होती. "मॅडम, तुम्ही त्यांच्यासमोर चाललात ना? आणि त्यांनी अर्ज केलाय तुमच्यासमोर यायचा! दोघांना मंजुरी दिली तर परत वाट लागली ना!"

पूर्वीसारखं असतं तर दोन पालिकांनी दोन अर्ज पास केले असते, आणि दोन्हीकडे गवंडी लागून पुन्हा भिंतीसमोर भिंत आली असती. तिने आम्हा दोघांना एका फोनवर घेतलं. त्यांनीही ते चित्रण पाहिलं होतं म्हणे. "राहू दे हो, आम्ही सरकतो," ते म्हणाले. "छे, आम्ही सरकतो," मी म्हटलं. आता या गोडीगुलाबीवरून भांडण पेटणार, तेवढ्यात वनखात्याने निकाल दिला. मादीला उंबराजवळची वाट सवयीची आहे, म्हणून हलायचं त्यांनीच. त्याच आठवड्यात गवंडी आला. त्यांची जुनी वाट बुजली आणि आमच्यासमोर नवी उघडली.

त्यानंतर रोज सकाळी चहाआधी मी कॅमेरा बघू लागले. काही दिसत नव्हतं. ती दुसरीकडे गेली असेल, किंवा बरंवाईट झालं असेल, या काळजीने मी आईवरही खेकसत होते.

आणि एका सकाळी ती दिसली. उंबराजवळून गल्लीत उतरली आणि मागच्यासारखीच वाट शोधत खालच्या अंगाला वळली. पिल्लू वळलं नाही. ते सरळ समोरच्या वाटेत घुसलं. ती थबकली, मागे फिरली आणि त्याच्या पाठोपाठ आत गेली. मला रडू आलं. आईने ते चित्रण तीनदा बघितलं. तळमजल्यावरच्या काकांनाही पाठवलं. त्यांचा मेसेज आला, "ग्रुपवर टाका ना, मॅडम."

मी आवरून कामाला निघाले. आई नेहमीप्रमाणे दारात आली, पण "पोचलंस काय कळव" म्हणायची विसरली. "तळ्यार गेली काय गो ती?" तिने विचारलं. मला कुठून ठाऊक असणार! तेवढ्यात मोबाईल वाजला. पलीकडच्या सेक्रेटरींचा मेसेज होता, त्यांच्या तळ्याकडच्या कॅमेऱ्यातल्या फोटोसकट.

"पोचली हो. दोघंही."

मी तो आईला वाचून दाखवला.