कपाटातली मटकी

तिसरीच्या बाईंनी माझ्या नातीला फसवलं. रोपाला वाढायला काय लागतं हे शिकवायला त्यांनी मुलांना दोन करवंट्यांत मटकी पेरायला सांगितली, एक उन्हात ठेवायची आणि एक कपाटात. आठवड्याने गौरीने वहीत लिहिलं, ‘कपाटातलं रोप जास्त उंच झालं, पण पिवळं पडलं.’ बाईंनी ते खोडायला लावलं आणि ‘उजेडाशिवाय रोप वाढत नाही’ असं लिहून घेतलं.

मी दोन्ही करवंट्या घेऊन शाळेत गेलो. म्हटलं, “बाई, डोळ्यांनी बघा.”

“काका, पुस्तकात आहे तेच परीक्षेत येतं.”

“मग मटकी कशाला वाया घालवलीत? पुस्तकच भिजत घालायचं.”

बाई हसल्या. त्या हसण्याची मला शिसारी आली.

रोपं विकून मी घर उभं केलं. अंधारातलं रोप उजेड शोधत नुसतं वर पळतं, अंगात काही नसताना. असली लांबट रोपं बाजारात नवख्याच्या गळ्यात मारतात. एके काळी मीही मारली. पण तुझे डोळेच खोटे, असं मी कुठल्या गिऱ्हाइकाला कधी म्हणालो नाही.

काल गौरी अंगणातल्या जास्वंदीचं चित्र काढून त्याखाली माहिती लिहीत होती. फूल समोर असताना मला विचारते, “आबा, हे लालच लिहायचं ना?”

आठ वर्षांच्या पोरीचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास कुणी खोडला? बाईंनी सांगावं, नाहीतर त्यांना असं शिकवायला लावणाऱ्याने पुढे येऊन सांगावं. आणि मला नको, तिला सांगावं.