पिवळ्या पट्ट्याची मादी

वामनराव गावंडे यांनी दिग्रसच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून एकोणतीस वर्षं काढली. बेडकांच्या विच्छेदनावर बंदी येईपर्यंत पावसाळ्यातल्या प्रात्यक्षिकांसाठी बेडूक आणणं त्यांच्याकडे होतं. सकाळी जंगलातल्या नाल्यात उतरायचं आणि ओलं पोतं भरून आणायचं. पोरांना अंडाशय नीट दिसावं म्हणून ते फुगीर पोटाच्या माद्याच निवडत. पोट चाचपताच बोटांना कळे. नर परत पाण्यात.

ते निवृत्त झाले आणि काही वर्षांनी शाल्मली ही संशोधक प्रयोगशाळेतल्या जुन्या बरण्या तपासायला आली. एका बरणीत पाठीवर पिवळा पट्टा असलेला बेडूक होता. धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत त्या जातीपुढे 'माहिती अपुरी' एवढंच लिहिलेलं. वामनरावांना बोलावून तिने जागा विचारली. त्यांनी नाला सांगितला, पोत्यांचं सांगितलं नाही.

दोन पावसाळे शोधूनही तिथे एकही सापडला नाही. यंदाची पाहणी शेवटची. फोटोसह नोंद झाली नाही तर अहवालात 'बहुधा नष्ट' असं जाणार होतं. ते दोन शब्द ऐकल्यापासून वामनराव एकही दगड उलटायचा सोडत नव्हते.

जुलैतल्या एका दुपारी शाल्मलीसोबत शोधताना त्यांनी एक दगड उलटला. पिवळा पट्टा. हात सवयीने झपकन मिटला. मग बोटांना पोट लागलं, गच्च भरलेलं. त्यांनी मूठ उघडली. बेडूक पाण्यात गेला.

"काका! सोडला काहून? मी कॅमेराच काढून राह्यले होते!"

"मले भेव वाटलं, मॅडम."

"इतकी वर्षं बेडूक धरले अन् आजच हातातून सुटला?"

"सुटला नाही. पोटात अंडे होते."

चार वाजेपर्यंत दोघांनी दगड उलटले. काही नाही. तेव्हा वामनराव खडकावर बसले आणि खाली बघत बोलले, "दरसाल या पिवळ्या पट्ट्याच्या चाळीस-पन्नास नेल्या म्या इथून. समद्या माद्या."

शाल्मलीने वही उघडली. तिने लिहिलं: दर्शन एक, फोटो नाही.

"घट कशामुळे झाली, तेही लिहावं लागतं, काका. तुमचं नाव टाकू?"

"टाका." शेजारचा उलटलेला दगड त्यांनी परत जागेवर ठेवला. "पन ती अंडे देईपर्यंत इथं कोनाले आनू नका. मलेबी."