सत्काराचे नारळ

पांढुर्ण्यात आमचा मुक्काम एका शाळेत होता. युनिटची सायकल मोहीम. सात जण, सात सायकली, सोबत गाडी नाही, असा सीओ साहेबांचा हुकूम. मी सुभेदार, मोहिमेचा प्रमुख. संध्याकाळी एका संत्रा व्यापाऱ्याचा काटा मागून आणला आणि एकेकाचं सामान टांगलं. दहा किलोच्या वर बनियनसुद्धा नको. उताराला मागचं ओझं सायकलला ढकलतं, मग ब्रेक कोणाच्या बापाचं ऐकत नाहीत. एकाच्या बॅगेतून इस्त्री निघाली. म्हटलं, लेका, मोहिमेवर निघालास की लग्नाला? ती शाळेतच ठेवायला लावली.

सगळ्यात हलकं सामान नाईक गजाननचं होतं. तो सौंसरचा. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या घरी जेवायचं ठरलं होतं. माय गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजणार अन् वांग्याची भाजी करणार, हे त्यानं आठवडाभर सगळ्यांना सांगून झालं होतं.

सकाळी सहाला निघालो. गाव आलं की लोक रस्त्यावर उभे. फौजी आले म्हणून हार, टोपी, नारळ. संत्री आम्ही तिथंच खाल्ली, पण नारळ साचत गेले. तिसऱ्या गावाबाहेर मी हुकूम दिला, नारळ देवळात ठेवा आणि चला. बाकीच्यांनी खाली काढले. गजाननने ते सगळे एका पोत्यात भरले आणि स्वतःच्या कॅरिअरला बांधले. मी विचारलं, काहून रे?

"सत्काराचा नारळ वाटेत टाकत नाहीत, उस्ताद. मायच्या देवापुढे ठेवतो."

मी चिडलो. ओझं वाटून घ्यायला सांगितलं. तो हो म्हणाला, पण कोणालाच एक नारळ दिला नाही. त्याचं मागचं चाक डुलत होतं. ते लक्षण मला बरं वाटलं नाही, म्हणून त्याला सगळ्यात मागे, बरंच अंतर सोडून ठेवलं, म्हणजे पुढच्यांवर येणार नाही. त्याच्याकडे एक वॉकी-टॉकी दिला, दुसरा माझ्याकडे ठेवला.

पुढे लांब उतार होता, खाली पूल. आम्ही सहा जण उतरून पुलावर थांबलो. सेट वाजला.

"टायगर वन, कॅरिअर हलून राहिला. ओव्हर."

"टायगर सेव्हन, थांब. पोतं खाली काढ. पायी उतर. ओव्हर."

"सौंसर जवळच हाय, उस्ताद. हळूहळू येतो. ओव्हर."

मी पुन्हा हुकूम दिला. उत्तर आलं नाही. मग वळणावरून एक नारळ घरंगळत आला. त्याच्यामागे दुसरा. आम्ही सायकली टाकून वर धावलो.

तो रस्त्याच्या कडेला, मैलाच्या दगडापाशी पडला होता. हेल्मेट फुटलं होतं. नाडी लागली नाही.

सौंसरला आम्ही त्याच्या दारात जाऊन उभे राहिलो. माय रोडग्यांच्या गोवऱ्यांवर पाणी मारून बसली होती. तिला आधीच कळलं होतं. आम्ही नारळ देवापुढे ठेवले. त्यांतला एकही तिनं फोडला नाही.

आता मी पेन्शनीत आहे. दरवर्षी आम्ही सहा जण त्याच रस्त्यानं सायकली घेऊन जातो. पहिल्या वर्षी गजाननची माय बसनं त्या दगडापाशी आली. सोबत पिशवीत त्या देवापुढच्या नारळांतलाच एक, वर्षभरात सुकलेला. तो तिनं दगडावर फोडला आणि सात तुकडे केले.

"इथंच खा, लेकरंहो. सौंसरला हलके या."

आम्ही उभ्या उभ्या खाल्लं. सातवा तुकडा तिनं पदरात बांधला आणि परतीच्या बसची वाट बघत दगडापाशी बसली.