आधी वाचा, काका

वाचायला बसली की ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायची. पडद्यावर पानंच्या पानं वर सरकायची असली, तर तेवढ्यापुरता एक हात बाहेर यायचा आणि परत मांडीखाली जायचा. हात मोकळे ठेवले की ते न वाचताच की-बोर्डकडे धावतात, असं तिचं म्हणणं. "आधी वाचा काका, मग हात लावा." दिवसातून चारदा तरी हे माझ्या कानावर पडायचं आणि मी पन्नाशी ओलांडलेला माणूस निमूट ऐकून घ्यायचो.

निमगाव केतकीत स्टँडजवळ माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, दाखले. तुमच्याही गावात असं एखादं असेलच, तेव्हा जास्त सांगत नाही. लोक येतात, आधारकार्ड, पासबुक, मोबाइल, सगळं टेबलावर ओततात आणि म्हणतात, बघा आता तुमीच. पासवर्ड विचारला तर हसतात. तो तुमच्याकडंच हाय की, म्हणतात. अर्ध्या गावाचे पासवर्ड माझ्या एका लांबड्या वहीत आहेत. आजवर एकाचंही वाकडं झालेलं नाही, याचा मला भारी अभिमान होता.

ती बारामतीला इंजिनिअरिंग करून परत आली आणि एक दिवस दुकानात येऊन म्हणाली, कोपऱ्यातलं टेबल भाड्यानं द्या. माझ्याकडे इन्व्हर्टर होता, बरं इंटरनेट होतं. तिचे वडील म्हणजे आबा. पूर्वी मेंढरं राखायचे, आता थोडं डाळिंब आणि चार शेळ्या. आई लहानपणीच गेलेली. घरात ही दोघंच, त्यात आबांना मोतीबिंदू. तिला शहरात नोकरी मिळत होती, पण आबांना सोडून जायचं नव्हतं. बाहेरच्या देशातल्या एका कंपनीनं तिला तीन महिने काम देऊन बघायचं कबूल केलं होतं. जमलं तर इथंच बसून कायमचं काम, नाहीतर बेंगळुरू. त्या तीन महिन्यांसाठी पोरीनं जिवाचं रान केलं.

काम होतं क्रिप्टोच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या नाण्यांच्या, खरेदी-विक्रीच्या एका प्लॅटफॉर्मशी कंपनीचा प्रोग्राम जोडायचं. त्या जोडणीला एपीआय म्हणतात. तिथं माणसानं बटण दाबायचं नसतं. प्रोग्रामच भाव विचारतो, ऑर्डर टाकतो, रद्द करतो. गावात लगेच बोभाटा झाला, की पोरगी सट्टा खेळते. मीही एकदा खोचकपणे विचारलं. ती चिडली नाही. आपण बाजारात बसत न्हाय काका, बाजाराला दार बसवून देतो, म्हणाली.

सुरुवातीलाच प्लॅटफॉर्म दोन गोष्टी देतो, एक की, म्हणजे किल्ली, आणि एक सिक्रेट. मला काही उमजेना. तेव्हा तिनं आबांच्या बाजाराची गोष्ट काढली. मेंढरांचा सौदा रुमालाखाली व्हायचा. घेणारा आणि विकणारा रुमालाआड एकमेकांची बोटं धरून भाव ठरवायचे. भोवती शंभर माणसं उभी असायची, पण भाव दोघांनाच कळायचा. "की म्हणजे आपलं नाव. ते बाजाराला ठावं असलं तरी चालतं. सिक्रेट म्हणजे रुमालाखालची बोटं. ती उघड्यावर काढायची न्हाईत." सिक्रेट एकदाच दिसतं, पुन्हा विचारलं तरी दाखवत नाहीत, हेही तिनं सांगितलं. मी मान डोलावली. कळलं म्हणालो. खरंच कळलं होतं हो मला.

आधी सगळं चाचणीच्या बाजारात करायचं असतं. तिथं नाणी खोटी, ऑर्डरी खोट्या. पहिले आठ दिवस तो बाजार तिच्या प्रोग्रामला दारातच हाकलून देत होता. नवव्या दिवशी तिची खरेदीची ऑर्डर आत गेली, आणि लगेच तिनं ती रद्दही केली. बाहेर जाऊन पावशेर पेढे घेऊन आली. खोट्या खरेदीचे खरे पेढे, म्हणून मी तिला चिडवलं. त्या दिवशी ती जेवढी हसली तेवढी पुन्हा कधी हसल्याचं मला आठवत नाही.

तिसऱ्या महिन्यात कंपनीनं खरी की दिली. फक्त भाव वाचायची परवानगी असलेली, पण खरी. तिचा प्रोग्राम माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर चालायचा, कारण तो इन्व्हर्टरवर होता. त्याच आठवड्यात आबांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. बारामतीला जाताना तिनं मला बजावलं, बंद पडलं तर पडू द्या, मी संध्याकाळी येते, तुमी हात लावू नका.

दुपारी बंद पडलं. पडद्यावर लाल अक्षरं आली. तिचा फोन लागेना. मला बसवेना. वाटलं, एवढी मेहनत केलीय पोरीनं, आता शेवटच्या पायरीवर गाडी अडायला नको. त्या प्लॅटफॉर्मची अडचणी विचारायची एक उघडी जागा आहे, जगभरची माणसं तिथं एकमेकांना मदत करतात. मी तिथं विचारलं. आणि मदत मागायची तर सगळं पुढ्यात मांडायला नको का? माझ्या दुकानात लोक मांडतात तसं मीही मांडलं. तिची फाइल जशीच्या तशी चिकटवली. की, सिक्रेट, सगळं. शेवटी हात जोडल्याचं चित्रही टाकलं.

तासाभरात कंपनीनंच ते पाहिलं आणि तिला मेल पाठवला.

ती संध्याकाळच्या एसटीनं आली. कंपनीनं ती की बंद केल्याची आधी खात्री केली, मग माझा मजकूर काढला, मग बिघाड शोधला. माझ्या कॉम्प्युटरचं घड्याळ मागं पडलं होतं. वेळ जुळत नाही म्हणून पलीकडचे प्रोग्रामला आत घेत नव्हते, एवढंच. नुकसान कुणाचं काही झालं नव्हतं. मी म्हणालो, लिही त्यांना, दुकानवाल्या येड्यानं केलं म्हणून. माझं नाव लिही. तिनं लिहिलं, की माझा निष्काळजीपणा झाला. मी रडायच्या बेताला आलो, तेव्हा एवढंच म्हणाली, "सांभाळायला माझ्याकडं दिली हुती काका. मग चूक बी माझीच."

कंपनीनं गोड शब्दांत निरोप दिला. महिन्याभरात ती बेंगळुरूला गेली. जाताना माझ्या पाया पडली, आणि मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

तिची फार आठवण येते. नवीन काही उघडलं की वाटतं, हिला विचारावं. फोन ती करते, हसून बोलते, माझ्या त्या दुपारबद्दल एक अक्षर काढत नाही. कोपऱ्यातलं टेबल मी कुणाला दिलं नाही. दोघांनी भाड्यानं मागितलं, पण नाही दिलं.

आबा आता दर बाजारच्या दिवशी दुकानात येऊन बसतात. त्यांचं माझ्याकडे काही काम नसतं. नव्या डोळ्यांनी भिंतीवरचे कागद वाचायचा प्रयत्न करतात, तासभर बसतात आणि जातात. मागच्या बाजारी त्यांनी सहज विचारलं, "तिचं काम आसं काय हाय ओ, जे हितनं हुईत न्हाय?"

म्हणजे तिनं बापालाही सांगितलं नव्हतं. मला राहवलं नाही. म्हणालो, होत होतं आबा, इथूनच होत होतं, माझ्या हातानं गेलं. आणि सगळं सांगून टाकलं. आबांनी ऐकून घेतलं. मला वाटलं, आता उठून जातील आणि पुन्हा या दुकानाची पायरी चढणार नाहीत.

"मला ह्यातलं कायबी ठावं न्हवतं," ते म्हणाले. "ती जाताना यवढंच म्हणली, काकांना करमायचं न्हाय. बाजारला गेलास की घटकाभर त्यांच्यापशी बसत जा."

मी चहा सांगायला म्हणून बाहेर आलो. चहा केव्हाच होऊन दुकानात गेलाही, तरी बराच वेळ मी स्टँडवर उभा राहिलो.